सात महिन्यांची जागा

लग्नाआधी गल्लीभराचे कपडे शिवणाऱ्या माझ्या मावशीने शर्टांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं नुसत्या कॉलर शिवल्या. नोकरी कायमची होती. मग एका नाटक कंपनीची शिवणकामवाली बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिची सात महिन्यांची जागा मावशीला चालून आली.

“आणि आठव्या महिन्यात काय करशील?” काकांनी विचारलं.

“सात महिने तरी मनासारखं शिवीन की!”

राजीनामा पर्समध्ये घालून ती नाटकवाल्यांकडे गेली. त्यांनी कापड पुढ्यात ठेवून एक झगा बेतायला सांगितला. कात्री हातात धरून ती तासभर बसून राहिली. कॉलर सोडून बाकी सगळं हात विसरले होते.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मुकादमाने विचारलं, “काल का नाही आलात?”

“अंगात जरा कणकण होती,” मावशी म्हणाली. “गेली आता.”