‘गेस्ट’ टॉवेलचा आहेर

अमेरिकेने आयातकर वाढवला आणि त्याचा दणका सोलापुरात आमच्या मैनुद्दीनभाईंच्या सहा मागांना बसला. तिकडच्या हॉटेलासाठी विणलेले टॉवेल एजंटाने नाकारले. प्रत्येकावर इंग्रजीत ‘गेस्ट’ विणलेलं! आता माग थांबले तर कामगार भिवंडी गाठणार, ही भाईंना धास्ती.

भाईंचा भूगोल अक्कलकोट रस्त्यावर संपतो, पण डोकं बंदराच्याही पुढे धावतं. "गेस्ट म्हंजे पाव्हणाच की," म्हणत त्यांनी गठ्ठे टेम्पोत टाकले आणि वळसंगच्या एका लग्नघरी नेले. आपल्याकडे टॉवेल-टोपीचा आहेर घेतल्याशिवाय पाव्हणा मांडवातून हलतो का?

"ह्ये काय लिवलंय?" नवरदेवाचे मामा गुरगुरले. ते रुसायच्या तयारीनेच आले होते.

"मानाचा पाव्हणा, मामा! थेट अमेरिकेचा शिक्का हाय."

मामांनी अक्षरं दिसतील असा टॉवेल खांद्यावर टाकला. मग अख्ख्या तालुक्याला तोच हवा झाला. माग थांबले ते फक्त वीज गेल्यावर.

परवा कर उतरला आणि एजंटाचा फोन आला, "भाई, माल पाठवा."

"लगीनसराई हाय, साहेब," भाई म्हणाले. "आषाढात बघू की."