खाऱ्या पाण्याचा कॅन

समोरच्या माणसाकडे पाहून ज्याला यीस्ट आठवतं असा गृहस्थ साऱ्या वऱ्हाडात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब! अमरावतीच्या एका कॉलेजात ते सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात. पाव फुगवणाऱ्या त्या यीस्टच्या पेशी खाऱ्या पाण्यात टाकल्या की काय करतात, एवढ्या एकाच प्रश्नावर त्यांनी उभी हयात घातली. मेव्हणीच्या लग्नात पंगत बसलेली असताना वाढप्याला थांबवून त्यांनी सगळ्यांना कोशिंबिरीला सुटलेलं पाणी दाखवलं. "पाहा साडभाऊ, मिठानं काकडीतलं पानी बाहेर ओढलं. यीस्टचं असंच होते. पन यीस्ट काकडीसारखी गप पडून नाई राहत!" मग मठ्ठा येईपर्यंत पुढची कथा: पेशी आक्रसते, वाढ थांबवते, तिच्या कडेला बसलेले पहारेकरी आत निरोप धाडतात, एक प्रथिन तडक केंद्रकात शिरून जनुकांना जागं करतं, पेशी पाणी आत ओढणारं ग्लिसरॉल बनवते आणि ते निसटू नये म्हणून दार लावून घेते. गेलेलं पाणी परत येतं. माझी अकोल्याला बदली झाली आणि मी तोंड पाडून बसलो, तेव्हाही त्यांनी माझ्या बायकोला बजावलं होतं, "त्याले बोलू नका, पेशी आक्रसली हाये." मला रागच आला होता.

साडूंचे वडील गेल्यावर त्यांनी आईला अमरावतीला आणलं. गाव तेल्हाऱ्याकडचं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीला मिठाचं पाणी. इथं नळाला गोडं पाणी, तर माय पहिल्याच घोटाला म्हणाली, "याले चवच नाई." चहा अर्धा राहू लागला, वरण ताटात राहू लागलं, आणि एके दिवशी पिशवी भरून दाराशी बसली. "मले गावाले नेऊन घाल." गावी घरात आता कोणीच नव्हतं. साडू पार खचले. पण दुसऱ्याच दिवशी मला फोन. "चूक माहीच हाये, साडभाऊ! खाऱ्यात मुरलेली पेशी मी एकदम गोड्यात टाकली. ती फुगनारच. साठवलेलं ग्लिसरॉल सोडाले दार उघडा लागते, त्याले वेळ द्या लागते."

खारपाणातले लोक बाहेरून गोडं पाणी आणतात. आमचे साडू दर रविवारी गावच्या विहिरीचा खारा कॅन घेऊन एसटीत बसू लागले. कंडक्टरनं विचारलं, "सर, हे पानी कोनी नेते काय?" बिचाऱ्याला अकोट येईपर्यंत ग्लिसरॉल ऐकावं लागलं, पुढं तो ड्रायव्हरजवळच जाऊन बसला. घरी प्रयोगशाळेतल्या मापानं खारं-गोडं मिसळून मायचा माठ भरायचा आणि दर आठवड्याला खारं थोडं कमी करायचं. मायला यातलं काही माहीत नाही अशी त्यांची खात्री होती.

एका सकाळी मी तिथंच होतो. साडू डोळ्यासमोर माप धरून उभे, आणि मागं माय. मला वाटलं, आता पिशवी निघणार. पण माय पदर तोंडाला लावून हसत होती.

"तुह्या बापाचंबी असंच होतं. मी मोर्शीहून लगीन होऊन आली, तं मले ते खारं पानी घशाखाली उतरे नाई. कोनाले न सांगता सायकलवर गोडं पानी आने माह्यासाठी. आता तू खारं आनून रायला. दोघंबी बह्याड! ठेव ते नळकांडं. साधंच पानी दे."

ती ते साधं पाणी गटागटा प्यायली आणि पिशवीतली लुगडी स्वतःच कपाटात लावायला गेली. साडूंनी माप धुऊन पालथं घातलं आणि कॅनला झाकण लावलं.

माय आता अमरावतीकरीण झाली आहे. गावी गेली तर बाटली भरून नळाचं पाणी नेते. शेवटचा अर्धा कॅन मात्र अजून साडूंच्या गॅलरीत आहे. परवा मी म्हटलं, "फेकून द्या की आता."

त्यांनी कॅनचं झाकण उगीचच घट्ट केलं. "राहू द्या, साडभाऊ. मायचं दार उघडलं. माह्यं अजून उघडाचं बाकी हाये."