चुकीच्या दारावरची नोटीस

"पत्ता कशाला वाचायचा? दारं ओळखतात मला," असं बेलिफकाका नेहमी म्हणायचे. एकतीस वर्षं कोर्टाच्या नोटिसा दारोदार चिकटवत फिरलेला माणूस. कुठला जिना डुगडुगतो, कुठलं कुत्रं नुसतंच भुंकतं, सगळं तोंडपाठ.

पाणीखात्यातल्या पंपवाल्याच्या बायकोचा अर्ज आला तेव्हाही त्यांनी कागद नुसता काखोटीला मारला. अर्ज साधा होता. नवरा गेला, वारस म्हणून दाखला हवा. पाणीखातं त्याच्या जागी तिला कामावर घ्यायला तयार होतं, पण दाखला पुढच्या महिनाअखेरीच्या आत पाहिजे होता. वर्तमानपत्रात जाहीर झालं, कोर्टाच्या फळ्यावर लागलं, आणि मयताच्या राहत्या दारावर काकांनी नोटीस डकवली: कोणाची हरकत असेल तर तीस दिवसांत कळवावी. कोणी कळवली नाही. दीर तर आपणहून संमतीची सही करून गेला.

निकालाच्या सकाळी ती व्हरांड्यातल्या बाकावर काकांशेजारी टेकली.

"काका, आमच्या दारावरची नोटीस काही मला दिसली नाही. वाऱ्यानं गेली का?"

"जाईल कशी? निळ्या दारावर चारी कोपरे दाबून लावलीय."

"निळ्या दारावर? अहो, ती खोली सोडून आम्हाला चार वर्षं झाली!"

काकांनी चष्मा काढला, पुसला, आणि हातातच धरून बसले.

मग उठून आत कारकुनाकडे गेले. तो ऐकून हसला. "काका, गप्प बसा. भांडण नाही, तंटा नाही. तिला नोकरी लागू दे. तुम्हीही चार महिन्यांत निवृत्त होताय."

"राहत्या दारावर लावली, असं मी सही करून लिहून दिलंय."

"कोण बघायला येतंय?"

"ज्याला कोणी कळवत नाही, त्याच्यासाठीच दारावर लावतात ना? असा कोणी तिच्या आताच्या दारापर्यंत येऊन, नोटीस न दिसताच परत गेला असला तर?"

पुकारा झाला. न्यायाधीशबाईंनी सहीसाठी पेन उचललं. काका पुढे झाले आणि बोलले. बाईंनी पेन खाली ठेवलं. नोटीस नव्याने लावा, तारीख पुढच्या महिन्यातली.

बाहेर ती त्यांच्यापुढे उभी राहिली. "दिराची हरकत नाही, नणंदेची नाही. तुमचीच निघाली, काका!"

"चूक माझी आहे, पोरी. पाणीखात्यातल्या साहेबाला मीच जाऊन सांगतो. मुदत मागतो."

"तुमचं ऐकायला साहेब काय तुमचा जावई लागतो?"

काका नवी नोटीस घ्यायला आत वळले.

दुपारी ते तिच्या जिन्यावर आले. नोटीस चिकटवली, तळहाताने सारखी केली. तिने पाणी विचारलं नाही, त्यांनीही मागितलं नाही. पाणीखातं पाच वाजता बंद होतं. कठड्याला धरत ते उतरले आणि गल्लीतून भराभरा चालू लागले.

"कोण गं तो?" शेजारणीने विचारलं.

"कोर्टातला माणूस," ती म्हणाली, आणि ते वळणाआड जाईपर्यंत कठड्याशीच उभी राहिली.