एफ्रेमने न घेतलेला टाइमआउट

टॉरस सामुद्रधुनीतल्या आमच्या बेटावरून बास्केटबॉल खेळून पोट भरणारा एकच माणूस निघाला, एफ्रेम नाविया. उंची सहा फूट पाच इंच आणि स्वभाव असा लाजरा, की चर्चच्या दारात डोकं आपटू नये म्हणून वाकायचा तो बाकावरही तसाच वाकून बसायचा. विसाव्या वर्षी मेनलँडवरच्या क्लबाने त्याला उचललं. सहा वर्षं तो टीव्हीवर दिसला. बेटावर तेव्हा टीव्ही दुकानातच होता, त्यामुळे सामन्याच्या दिवशी दुकानदारीणबाईंना साधी साखर विकता यायची नाही.

मग एका फायनलमध्ये त्याने एक फ्री थ्रो चुकवला. ऐन वेळी हातपाय गाळले, असं पेपरवाल्यांनी छापलं. पेपरवाल्यांना काय कळतंय!

आमच्याकडे मरणाची बातमी कुणीही उठून सांगत नाही. ते काम जावई-मेहुण्यांचं. मेलेल्याच्या बहिणीचा नवरा असेल तर तोच मारिगेथ होतो. घरच्यांनी फक्त बसायचं आणि रडायचं. पेटी, खड्डा, जेवणावळ सगळं तो बघतो. आणि तो समोर येऊन, तोंडाने सांगेपर्यंत साऱ्या गावाला ठाऊक असलं तरी कुणी ब्र काढत नाही.

त्या फायनलच्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये एफ्रेमला प्रेक्षकांत अंकल ओबा दिसले. आत्याचे यजमान. जन्मात कधी बेट न सोडलेला माणूस डिंगी होडी, विमान आणि बस करून आला होता, अंगात चर्चचा पांढरा शर्ट, हॅट गुडघ्यावर. सगळं स्टेडियम नाचत होतं आणि हे टाळीसुद्धा वाजवत नव्हते. ते कशाला आले, हे एफ्रेमने ओळखलं. वडील महिनाभर अंथरुणाला खिळले होते. पण खेळ चालू आहे तोवर अंकल उठणार नाहीत, आणि अंकल उठत नाहीत तोवर वडील आहेत.

शेवटचे तीन सेकंद, एक गुण मागे, दोन फ्री थ्रो. पहिला आत गेला, बरोबरी झाली. दुसरा गेला असता तर खेळ संपला असता. तो गेला नाही. पाच मिनिटं जादा मिळाली आणि त्यात संघ हरला. मुद्दाम चुकवला की हात थरथरला, हे एफ्रेमला आजही सांगता येत नाही. ओबा मात्र पुढे एकदा म्हणाले, "तुझा चेंडू रिंगवरून बाहेर पडला ना, तेव्हा मी देवाचे आभार मानले बघ. मलाही उठायचं नव्हतं रे."

पुढच्या वर्षी क्लबाने करार केला नाही. मग लहानसहान क्लब, मग गुडघा, मग केर्न्समध्ये बस चालवणं. चाळिशीत तो परत आला, रोझीशी लग्न केलं आणि शाळेमागच्या सिमेंटच्या कोर्टावर पोरींना शिकवायला लागला. आयुष्यभर ज्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता तो माणूस तिथे असा ओरडायचा, की किनाऱ्यावरची कुत्री उठून जायची. त्याची लाडकी म्हणजे रोझीच्या भावाची, फिनीची पोर केझाया. फिनी खोल पाण्यात बुडी मारून क्रेफिश काढायचा. पोर बापासारखीच, दमच लागायचा नाही. एफ्रेमने तिला नऊ वर्षं एकच घोकवलं होतं, "फ्री थ्रोला उभी राहिलीस आणि घाबरलीस, तर माझ्याकडे बघायचं. बाकी कुणाकडे नाही."

परवाच्या सप्टेंबरात, केझाया सतरा वर्षांची असताना, आमच्या पोरी थर्सडे आयलंडला बेटांच्या स्पर्धेच्या फायनलला पोचल्या. तिसरा क्वार्टर संपला आणि एफ्रेमचा फोन वाजला. पलीकडे ओबा होते, ऐंशी वर्षांचे.

"फिनी गेला. बुडी मारली ती वर आलाच नाही. इथल्या बायकांना मी सांगतो. पोरगी तुझ्याकडे. आता तूच आहेस मारिगेथ."

एफ्रेमने फोन खिशात टाकला. समोर केझाया पाण्याची बाटली डोक्यावर ओतून हसत होती. "अंकल, असं काय बघताय? जिंकतोय आपण!"

"जा," तो म्हणाला. "खेळ."

शेवटचा क्वार्टर दहा मिनिटांचा. त्याला पाच मिळाली होती, तो तिला दहा देणार होता. यापलीकडे त्याच्या हातात काहीच नव्हतं.

पण आता खिशाखिशात फोन असतात. पहिल्यांदा प्रेक्षकांतला ढोल थांबला. मग वरच्या रांगेतल्या बायका गप्प झाल्या, मग त्यांच्याखालची रांग. पुरुषांनी टोप्या काढून मांडीवर ठेवल्या. कुणी काही बोलेना. सगळे एफ्रेमकडे बघत होते, कारण बोलायचा हक्क त्याचा एकट्याचा होता. आमच्या पोरींचा खेळ विस्कटत गेला. टाळ्या का थांबल्या हेच त्यांना कळेना.

त्याचा मदतनीस ब्रॅड, मेलबर्नहून आलेला शाळेचा मास्तर, रडकुंडीला आला. "अहो, टाइमआउट घ्या! आठ गुणांची आघाडी गेली! दोन शिल्लक आहेत, ते काय घरी नेणार आहात?"

"नको."

"का पण?"

टाइमआउट घेतला की केझाया धावत त्याच्यापुढे येऊन उभी राहणार होती. हे ब्रॅडला कसं सांगायचं? 

चौदा सेकंद उरले असताना, एक गुण मागे असताना, केझायाला दोन फ्री थ्रो मिळाले. हॉल इतका शांत की रेफरीच्या बुटांची करकर ऐकू यावी. ती रेषेवर आली. तिने प्रेक्षकांकडे बघितलं. सगळ्या रांगा, मांडीवरच्या टोप्या. मग शिकवल्याप्रमाणे तिने कोचकडे बघितलं.

आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा कोचने नजर चुकवली. तो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

पहिला आत गेला. बरोबरी. चेंडू हातात घेऊन ती बराच वेळ उभी राहिली. चुकव गं पोरी, एफ्रेम मनात म्हणत होता, चुकव, पाच मिनिटं मिळतील.

तिने चुकवला नाही. जाळीचा तेवढा आवाज झाला. कुणी ओरडलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही.

बाकीच्या पोरी बचावाला मागे धावल्या. ती धावली नाही. चालत चालत त्याच्यापाशी आली, धाप लागलेली, घामाने निथळणारी.

"अंकल, टाइमआउट घ्या."

"चौदा सेकंद आहेत, बाळा. पुढे आहोत आपण. जा."

"खेळाडूला मागता येत नाही. कोचलाच मागावा लागतो. घ्या ना."

बरोबरच होतं तिचं. एफ्रेम टेबलाकडे वळला आणि त्याने एका हाताच्या बोटांवर दुसरा तळवा आडवा धरला. भोंगा वाजला. हॉलमधली सगळी माणसं उभी राहिली. ब्रॅडही उभा राहिला, का ते न कळता.

केझायाने एफ्रेमचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"आई," तिने विचारलं, "की पप्पा?"