गप्प बाईंचं घर

कुठंही गेल्या तरी आमच्या बाई आधी सगळ्यांना गप्प करायच्या. डब्याएवढं यंत्र जमिनीवर ठेवायचं आणि ओठांवर बोट. कडेगावाकडच्या एका वस्तीवर त्यांनी पिठाची गिरणी बंद करवली आणि मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनाही अंगणात मुकाट बसवून ठेवलं. तेव्हापासून त्या गप्प बाई झाल्या. मी त्यांच्याच कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे आणि मोजणीला सोबत जायचे.

"भूकंप नसला तरी जमीन थरथरत असतीच. तुमाला कळत न्हाई, यंत्राला कळतं," असं त्या लोकांना सांगायच्या. खाली कातळ असला तर थरथर फारशी वाढत नाही. मऊ गाळ असला तर एका ठरावीक लयीत वाढत जाते. "आणि घराची लय तीच निघाली, तर भूकंपात जमीन घराला झोके देती." हे इतकं शांतपणे सांगायच्या की मला रागच यायचा. जरा गोड बोलायला काय जातं!

साताऱ्यात त्यांच्या वडिलांनी, निवृत्त सुभेदारांनी, बुजवलेल्या ओढ्यावर तीन मजली घर बांधलं होतं. वर मुरूम टाकून रोलर फिरवला की जमीन पक्की, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. बाईंनी गावंच्या गावं मोजली, ते घर मात्र कधी मोजलं नव्हतं. एकदा मीच हट्ट धरला. अंगणात मोजलं, मग गच्चीवर. आकडे पाहून बाईंनी दोन्हीकडे पुन्हा एकदा मोजलं. जमिनीची आणि घराची लय जवळजवळ एकच होती.

"अण्णा, वरचे दोन मजले उतरवू या. घर ठेंगणं झालं की त्याची लय बदलेल."

अण्णा हसले. "आगं, फौजेत हाडं झिजवून बांधलंय. मी हितनं हलायचा न्हाई."

त्याच आठवड्यात भाड्याची खोली सोडून बाई तिथं राहायला गेल्या. हा शुद्ध वेडेपणा आहे, असं मी तोंडावर म्हटलं. "हललं तर अण्णांना बाहेर कोण काढणार?" एवढंच त्या म्हणाल्या. फळीवरची जड भांडी खाली आली, अण्णांची खाट दारालगत गेली. कोयनेकडे जरा हललं की मी घाबरून फोन करायचे. "आहोत," म्हणून त्या ठेवून द्यायच्या.

गेल्या वर्षी अण्णा आजारपणात गेले. फौजेतला भाऊ रजेवर आला, त्यानं गिऱ्हाईकही आणलं. सुटल्या एकदाच्या बाई, असं मला वाटलं. पण त्यांनी सही केली नाही. मी तडक भांडायलाच गेले.

"मजले उतरवायला भाऊ तयार नाही, विकायला मी," त्या म्हणाल्या. "घेणाऱ्याची दोन पोरं लहान आहेत गं. आकडे दाखवले त्याला, तर म्हणाला, ताई, भाव वाढवताय व्हय?"

माझा जीव कळवळला. "मग कुलूप लावा आणि माझ्याकडे चला."

"कुलूप दिसलं की भाऊ भाडेकरू ठेवील," बाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.