घासलेलं पातेलं

इथे ऑस्ट्रेलियात, डँडेनॉन्गला, आमच्या शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक ग्रीक आजी राहतात. आम्ही सुट्टीला ग्रीसला, तेही त्यांच्याच बेटावर निघालोय म्हटल्यावर त्यांनी गराजमधून एक तांब्याचं पातेलं काढून आणलं. बाहेरून काळंकुट्ट. गावातल्या जुन्या शाळेत आता म्युझियम केलंय, तिथे हे देऊन ये, म्हणाल्या.

त्यामागची हकीकत त्यांनी कुंपणापाशी उभ्या उभ्या सांगितली. त्या दोन वर्षांच्या असताना आई गेली. सावत्र आई आली आणि आधीच्या बाईचं घरात काही म्हणजे काही उरलं नाही, एक फोटोसुद्धा नाही. सतराव्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या बोटीत बसताना वडिलांनी हे पातेलं हातात दिलं, तुझ्या आईचं आहे म्हणून. सावत्र भाऊ अजून हसतात. असली पातेली घरोघरी होती, म्हाताऱ्याने तुझी समजूत काढली, म्हणतात. आजींना एवढंच हवं होतं, की म्युझियममध्ये पातेल्याखाली आईच्या नावाची चिठ्ठी लागावी. तिथल्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं की पुराव्याशिवाय आम्ही नाव लावत नाही, पण बघू. आणि पातेलं आहे तसंच आणा.

आहे तसंच म्हणे! असलं काळं भांडं परक्याच्या दारात न्यायचं? माझ्या आईने माझीच खरडपट्टी काढली असती. शिवाय बॅगेत माझे पांढरे कपडे. फॉस्टर स्ट्रीटवरच्या इंडियन दुकानातून चिंच आणली, मीठ घेतलं आणि अख्खी दुपार बॅकयार्डात बसून ते घासलं. असं लखलखलं की काय सांगू. काठाखाली बारीक ठिपक्यांची नक्षीसुद्धा निघाली, त्रिकोण, गोल, मध्येच उभ्या रेघा. नवरा म्हणाला, छानच, पण तुला हे करायला सांगितलं कुणी? मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

त्या बेटावर म्युझियमं म्हणजे पैशाला पासरी. गावच्या वाटेवरच दोन लागली, मी दोन्हीत शिरले. माग, नवरीचे पेटारे, धान्याची मापं, सगळं हौसेने पाहिलं. पण चुलीशेजारी टांगलेली पातेली पाहिली आणि पुढचं काही पाहिलंच नाही. दोन्हीकडे ती काळी ती काळीच ठेवली होती.

शाळेतल्या बाई निवृत्त शिक्षिका, इंग्रजी चांगलं बोलायच्या. त्यांनी पातेल्याभोवती गुंडाळलेला टॉवेल सोडला आणि चकचकीत बुडावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "त्या घरातल्या चुलीचा धूर होता याच्यावर. आम्हाला तोच हवा होता."

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं मला. त्या म्हातारीपाशी आईची एवढी एकच वस्तू, आणि मी अतिशहाणी ती चिंचेने धुऊन बसले होते.

गप्प राहवेना म्हणून मी काहीबाही बोलत सुटले. आमच्याकडे भांडं घासल्याशिवाय कुणाला देत नाहीत, लग्नात दिलेल्या भांड्यांवर तर नावंसुद्धा घालून देतात, टोच्याने, ठिपक्याठिपक्यांनी, काठाखाली... आणि बोलता बोलता माझी नजर काठाखालच्या ठिपक्यांवर गेली. इंजिनीअरिंगची चार वर्षं डेल्टा-थीटा गिरवून पास झालेली मी, आणि ग्रीक अक्षरं मला नक्षी वाटावीत? पातेलं उचलून मी काठ त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, खिडकीशी नेऊन बोट फिरवत अख्खा काठ वाचला आणि मला विचारलं, आजींच्या आईचं नाव काय? मला कुठे माहीत! मी सरळ आजींना व्हिडिओ कॉल लावला.

डँडेनॉन्गला संध्याकाळ झाली होती. बाईंनी आजींना काही विचारलं नाही, पातेलं स्क्रीनपुढे धरून नुसतं वाचून दाखवलं. आजींच्या आईचं नाव आणि तिचं माहेरचं आडनाव होतं ते, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. आजींनी ते तसंच्या तसं परत म्हटलं. मग त्यांनी ओढणीसारखा स्कार्फ तोंडाशी धरला आणि रडायला लागल्या. बाईही रडल्या, मी तर हुंदके देऊन रडले. वडील खोटं बोलले नव्हते, हे त्यांना पासष्ट वर्षांनी कळत होतं.

बाईंना आता घाई झाली. चिठ्ठी आजच लावते, खिडकीजवळची जागा देते, म्हणाल्या. आजींनी नाक पुसलं आणि मलाही कळावं म्हणून इंग्रजीत सांगितलं, "आत्ता नाही. आधी घरी आण. काजळी मी परत धरवते, मग न्या."

आता दर रविवारी आजी बॅकयार्डात लाकडं पेटवतात आणि त्या पातेल्यात घेवड्याच्या दाण्यांचं सूप शिजवतात. आधी त्याला आतून नवी कल्हई करून घेतली. माझी पोरं बाऊल घेऊन कुंपणापाशी हजर असतात. म्युझियमच्या बाई अधूनमधून फोटो मागवून किती काळं झालं ते बघतात. बुडाला काजळी छान धरलीय, पण घाई नको, असं आजींचं म्हणणं. काठ मात्र त्या काळा होऊ देत नाहीत, दर सोमवारी नावावर चिंच चोळतात. चिंच माझ्याकडून जाते.