झोंबतंय म्हणजे लागू पडतंय

डॉक्टरने पेनाच्या टोकाने माझी हनुवटी वर केली. हात नाय लावला. पेन लावला.

"बघा," तो बोलला. मला नाय. बाजूला दोन शिकाऊ डॉक्टर उभे होते, एक पोरगा, एक पोरगी. त्यांना. "भिंतीला चुना मारतात तशी क्रीम मारली आहे. वर दिवसभर उन्हात. मग हे असं होतं."

तेवा माझं तोंड कसं होतं ते सांगतो. लालभडक. गालाची साल भाजलेल्या वांग्यागत सुटत होती. ओठांच्या कडेला चिरा. हसलो की रक्त यायचं.

आणि मी हसलो.

"साहेब, वांगं भाजून तयार हाय. भाकरी तेवढी मागवा!"

शिकाऊ दोघं हसले. डॉक्टर पण हसला. खोलीत एकच खुर्ची, तिच्यावर मी. दारात माझी बायको उभी, पाच महिन्यांची पोटुशी. ती नाय हसली. सगळ्यात मोठ्यांदा मी हसलो. ओठ फाटला. शर्टावर थेंब पडला.

हा माझा धंदा जुना. समोरच्याने दगड उचलायच्या आधी आपणच आपल्या टाळक्यात घालून घ्यायचा. त्याचे कष्ट वाचतात. तोंडावर पुळ्या पंधराव्या वर्षी आल्या, त्या अठ्ठाविसाव्याला पण तशाच. मोठाल्या, पू भरलेल्या. उशीला गाल टेकता यायचा नाय. मिठागरावर मला फणस म्हणतात. ते नाव मीच ठेवलं. दुसऱ्या कुणी ठेवलं असतं तर लागलं असतं.

पेणच्या खाडीवर मीठ ओढतो मी. बाप ओढायचा, आजा ओढायचा. शाळा दुसरी. दुसरीत दोन वर्षं काढली, तेवा तिसरी झाली असं धरायला हरकत नाय.

बायकोला दिवस गेले तशी ती बोलली, "अवो, मीठ सहा महिने. पोर बारा महिने खाणार."

खरं बोलली. रोह्याजवळ अष्टमी गाव, तिथं माझी बहीण दिलेली. तिचा नवरा रोह्याच्या एका कंपनीत. त्याने कॅन्टीनला शब्द टाकला. वाढप्याचं काम, बारमाही. मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मॅनेजरने एकदा बघितलं.

"हे तोंड घेऊन वाढणार? लोकांच्या घशाखाली घास उतरेल का? आधी बरं करून ये."

"साहेब, वाढायचं हाताने असतं. तोंडाने नाय वाढत मी."

तो हसला. मी हसलो. काम नाय मिळालं. असं कितीदा झालंय. लोक हसतात, मी जिंकलो असं वाटतं, आणि घरी रिकामा येतो.

मग बहीणच बोलली, रोह्याला चामडीचा डॉक्टर बसतो, जा. गेलो. दोन तास बाहेर, आत एवढासा वेळ. डॉक्टर मोबाईलवर कुणाशी तरी प्लॉटचं बोलत होता. बोलता बोलता माझ्याकडे बघितलं, कागदावर खरडलं.

"कसं लावायचं, साहेब?"

"मेडिकलवाला सांगेल. चला, पुढचा."

मेडिकलवाल्याने ट्यूबच्या खोक्यावर पेनाने कायतरी लिहिलं. "यावर लिहिलंय, बघून घे." मी बघितलं. लांबून बघितलं, जवळून बघितलं. मान हलवली. "बरोबर." काय बरोबर? खोकं उलटं धरलंय का सुलटं, ते पण मला ठाऊक नव्हतं. मागे चार लोक उभे होते. वाचता येत नाय हे त्यांच्यासमोर कसं बोलायचं? जो माणूस स्वतःला फणस म्हणवून घेतो, त्याला एवढ्याची लाज वाटली.

बायको सातवी शिकलेली. खोकं तिला दाखवलं असतं तर काम झालं असतं. पण मी ते मिठागरावरच्या झोपडीत लपवून ठेवलं. घरी नेलं तर ती वाचून सांगणार, आणि मग कळणार की मी न वाचताच लावतोय. अक्कल बघा माझी.

तर मी आपल्याच डोक्याने लावली. सकाळी, कामावर उतरायच्या आधी. आपण काय पण लावायचं ते कामाच्या आधीच लावतो, पायाला तेल लावतो तसं. आणि भरपूर. बोटभर काढायची, तोंडभर फासायची.

चार दिवसांत झोंबायला लागलं.

मी खूश. मिठावरच्या माणसाला झोंबण्याची भीती नाय. आमच्या टाचांना भेगा, त्यात खारं पाणी जातं, सुरुवातीला डोळ्यांतून पाणी काढतं, मग कातडं घट्ट होतं. माझी आई जखमेला मिठाचं पाणी लावायची आणि बोलायची, झोंबतंय म्हणजे लागू पडतंय. मी तेच शिकलो. झोंबायचं थांबलं की अजून एक बोट लावायचो. कामावरचे विचारायचे, "फणसा, पिकला काय रं?" मी बोलायचो, "गरे काढायला या रविवारी."

इथवर सगळं माझ्या एकट्याच्या तोंडावर होतं. माझं तोंड, मी जाळलं, काय बिघडलं.

पण बायकोच्या गालावर काळे डाग उठले होते, पोटुशीपणात उठतात तसे. ती आरशात बघून डाग चोळायची. मी ट्यूब घरी नेली. नुसती ट्यूब, खोकं नाय.

"लाव गो. चांगलं औषध हाय."

"मला चालेल का? विचारलं का तुमी?"

"विचारलं तर! डॉक्टर बोलला, सकाळी लावायचं. झोंबेपर्यंत लावायचं."

छाती काढून बोललो. घरात तरी मला कायतरी कळतं असं दिसावं म्हणून.

पंधरा दिवस लावली तिने.

माझ्या तोंडाची साल निघाली तसे आम्ही परत त्याच डॉक्टरकडे आलो. आता परत त्या खोलीत या. मी हसतोय, ओठातून रक्त येतंय. डॉक्टरने माझ्या पिशवीतून खोकं काढलं. झोपडीतून आणलेलं होतं, दाखवायला. त्याने ते शिकाऊ पोरीच्या हातात दिलं. "वाच." तिने वाचलं, "फक्त रात्री. थोडे."

"मराठीत लिहिलंय!" डॉक्टर बोलला. "मराठीत! यांना सांगून उपयोग काय?"

मी पुढचा विनोद शोधत होतो. सापडला पण होता.

तेवढ्यात दारातून बायको बोलली. हळू. "डॉक्टर, ती मी पण लावते."



"तुम्ही? या अवस्थेत? कोणी सांगितलं?"

"हे बोलले. डॉक्टरांनी सांगितलंय, सकाळी लावायची."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टर बोलला, "मी? मी सांगितलं?"

बायकोने एक हात पोटावर ठेवला होता. दुसरा गालावर. त्या हाताने ती गाल असा पुसत होती, जसं काय पंधरा दिवसांचं आताच पुसून निघेल.

मी बोललो, "नाय. तुमी कायच नाय सांगितलं."

हे पण मला वाटलं विनोदच हाय. तोंडातून निघेपर्यंत वाटलं. निघाल्यावर कुणी हसलं नाय. मी पण नाय हसलो.

डॉक्टर बोलला, "हे बघ, ती आजपासून बंद कर. तुझी पण, हिची पण. महिन्याने ये. चला, पुढचा."

"मी उठत नाय."

"काय?"

"खोटं मी बोललो हिला. ते माझं पाप, मी फेडीन. पण मी तुमाला विचारलं होतं, कसं लावायचं. तुमी बोललात, पुढचा. आता सांगा. सांगितलं की उठतो."

कंपाउंडर आला. दंडाला धरलं. मी बोललो, "हात काढ." ओरडलो नाय. मिठाचं ओझं उचलणारा दंड हाय, त्याला तो हलवता येईना. बाहेरून एक म्हातारी आत डोकावली, निडी गावची होती, हातात तसलंच खोकं. ती बोलली, "सांगा की ओ. मना पण ऐकू दे."

मग त्याने सांगितलं. रागाने सांगितलं, पण सांगितलं. गाल भरून येईपर्यंत काय पण लावायचं नाय, नुसतं साधं मलम, तो देईल ते. मग परत दाखवायचं, आणि हो बोलला तरच सुरू. रात्री तोंड धुवायचं, पुरतं सुकू द्यायचं. सगळ्या तोंडाला मिळून वाटाण्याएवढी. डोळे, ओठ, नाकाच्या कडा सोडायच्या. सुरुवातीला एक रात्र आड. थोडं कोरडं पडणारच, पण आग झाली, साल निघाली की थांबायचं आणि यायचं. झोंबणं म्हणजे गुण नाय. जास्त लावून लवकर बरं होत नाय, दोन-तीन महिने जाणार. एकाची ट्यूब दुसऱ्याने लावायची नाय. आणि दिवस असलेल्या बाईने तर नायच.

"दाखवा वाटाणा," मी बोललो. त्याने ट्यूब पिळून बोटावर दाखवला. एवढासा. मी रोज तसले दहा लावत होतो.

"उन्हात तोंड झाकायचं. टोपी घालायची," तो बोलला.

"साहेब, आमचं ऊन खालून येतं."

"खालून?"

त्या खोलीत त्याने मला विचारलेला तो पहिला खरा प्रश्न.

"मीठ पांढरं. आरशावर उभं राहिल्यासारखं. टोपी घातली तरी हनुवटी भाजते."

त्याचं पेन थांबलं. मग त्याने उन्हाचं मलम लिहिलं, आणि तोंडाला फडकं बांध, डोळ्यांखालपर्यंत, असं बोलला.

भिंतीवर घड्याळ होतं. अक्षर नाय येत, काटे येतात मला. सगळं सांगून झालं तेवा तीन मिनिटं झाली होती. तीन मिनिटं. तेवढी पहिल्या वेळेला नव्हती त्याच्याकडे. तिच्या पोटातल्याला किती मिनिटं लागतात बिघडायला, ते मी विचारलं. तो खाली बघून बोलला, "कातडीतून फार आत जात नाही. बहुतेक काही होणार नाही. तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना मात्र सांगा."

सांगितलं. पेणच्या डॉक्टरबाई पण तेच बोलल्या. बहुतेक.

त्या 'बहुतेक'वर आम्ही दोघं आता झोपतो. अजून दोन महिने हायत. ती मला एक शब्द बोलली नाय त्यावर. बोलली असती तर बरं होतं. एका रात्री तिने ते खोकं समोर ठेवलं आणि माझं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. फक्त रात्री. थोडे. एवढे तीन शब्द मला आता वाचता येतात.

माझे गाल भरले. डाग राहिले. कॅन्टीनला दुसरा लागला, तिकडे मी परत गेलो नाय. मिठावर फडकं बांधून उतरतो. कुणी बोललं, "फणसा, नवरीबाई झालास काय?" तर पूर्वी मी घुंघट ओढून दाखवला असता. आता बोलतो, "माझं नाव घेऊन हाक मार." दोनदा बोलावं लागतं. बोलतो.

आणि मिठागरावर कुणाच्या हातात रोह्याच्या त्या डॉक्टरचं नवीन खोकं दिसलं, की मी विचारतो, "डॉक्टरने सांगितलं का, कसं घ्यायचं?" ते मान हलवतात. ती मान मला ओळखू येते, माझीच हाय ती. मग गाडीत बसून तो आणि मी रोह्याला जातो. कंपाउंडर मला बघून तोंड वाकडं करतो. करू दे. आत एकच खुर्ची हाय. त्याला बसवतो, मी दारात उभा राहतो, आणि त्याला आधीच बजावतो: हसायचं नाय, मान हलवायची नाय, आणि सांगितल्याशिवाय उठायचं नाय. उठलास तर बाहेर मी हाय.